वीस बायका आणि शेवाळाची गोळी

ही दोन हजार तेवीस सालची गोष्ट. त्या फेब्रुवारीत शहराचं नाव बदललं आणि औरंगपुऱ्यात पाट्या रंगवणाऱ्यांना जेवायला फुरसत मिळेना. सत्यभामाबाईंच्या मसाल्याच्या पुड्यांवर मात्र जुनंच नाव छापलेलं होतं, आणि छापलेल्या पुड्या संपेपर्यंत आपण जुन्याच गावात राहणार, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

सत्यभामाबाईंना तेव्हा एकोणसत्तरावं लागलं होतं. भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत त्यांचा मसाल्याचा गट होता. त्यांच्यासकट वीस बायका, दोन कांडप यंत्रं आणि बारमाही शिंका. काळा मसाला, आमटीचा येसर आणि तिखट एवढ्या तीनच गोष्टी तिथं व्हायच्या, पण तीस वर्षांत त्यांत कुणाला रंगाचा कण सापडला नव्हता. त्यामुळे त्या भागात बाईंना वेगळाच मान होता. कुणी बाजारातून तिखट आणलं की चिमूटभर कागदात बांधून त्यांना दाखवायला यायचं, बाळाला ताप आला की डॉक्टरकडे न्यावं तसं. बाई काचेच्या ग्लासात पाणी घ्यायच्या, वरून तिखट सोडायच्या आणि हात मागं घ्यायच्या. ढवळायचं नाही, फुंकायचं नाही. मिरचीचा स्वतःचा रंग तेलाचा सोबती, पाण्याशी त्याचं फारसं जमत नाही. वरून चोपडलेला रंग मात्र पाणी दिसताच लाल दोऱ्यांसारखा खाली उतरायला लागतो. बाई ग्लास उजेडाकडे धरून एकच शब्द बोलायच्या, खरं किंवा खोटं. त्यावर अपील नव्हतं.

बाईंच्या घरी वरच्या खोलीत राजनंदिनी भाड्यानं राहायची. गंगापूरकडची पोरगी, कडूबा पाटलांची लेक. बाप दर दोन महिन्यांनी ज्वारीचं पोतं घेऊन यायचा आणि खोलीपर्यंत न चढता खालच्या खालीच परत जायचा, कारण वर चढलं की लेकीची काचेची नळकांडी बघावी लागायची आणि त्यात शेवाळ वाढवायला शिकून काय होणार, हा प्रश्न तोंडात यायचा. राजनंदिनी औषधशास्त्राच्या कॉलेजात पीएचडी करत होती. तिचा पहिला अभ्यास कोरोनात बुडाला होता. आता जूनपर्यंत प्रबंध दिला नाही तर विद्यापीठातून नाव कमी होणार होतं, म्हणजे चार वर्षं पाण्यात.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी ती खाली आली आणि म्हणाली, "आजी, मला वीस बायका पाहिजेत."

"कशाला गं? लग्न कुणाचं निघालं?"

"साठीच्या आसपासच्या पाहिजेत. धडधाकट. आणि मी सांगेन तसं ऐकणाऱ्या."

"पहिल्या दोन गोष्टी मिळतील," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तिसरीचं तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी राजनंदिनी कांडपाच्या खोलीत आली. बायका मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. तिनं एक काचेची बाटली वर धरली. आत शेंदरासारखं लालभडक काहीतरी होतं.

"हे शेवाळ आहे," ती म्हणाली. "आधी हिरवंच असतं. पाण्यातलं खाणं संपलं, वरून ऊन भाजायला लागलं, की जीव वाचवायला ते अंगात हा लाल रंग भरून घेतं. तोच रंग काढून तेलात कालवायचा आणि गोळीत भरायचा. आपल्या अंगाची आतून जी झीज होते, तिला हा रंग अडवतो असं म्हणतात. म्हातारपणी पायांत जोर टिकतो म्हणे. म्हणतात, म्हणून तर बघायचंय."

रंगाचं नाव अ‍ॅस्टॅक्सॅन्थिन, हे तिनं तीनदा सांगितलं. बायकांनी तीनदा ऐकलं आणि त्याला लाल गोळी म्हणायचं ठरवलं.

"बहात्तरच्या दुष्काळात आम्हीबी अर्ध्या पोटानं उन्हात खडी फोडली," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्या वेळी त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि ती खडी अजून त्यांच्या बोटांत होती. "आम्ही काय लाल झालो नाय. काळ्याकुट्ट झालो."

मंजुळाबाई बाटलीजवळ सरकल्या. त्यांचं माहेर कन्नडच्या डोंगरातलं, सगळं बालपण शेळ्यांमागं गेलेलं. अंगानं काटकुळ्या, पण अख्खं पोतं एकटीनं उचलायच्या. "हे लाल पाणी म्या पाह्यलंय," त्या म्हणाल्या. "पाऊसकाळ सरला की खडकाच्या खळग्यात ऱ्हायचं. शेळ्या तोंड लावत नव्हत्या."

"शेळ्यांनी सोडलं ते आता तू खा," आशाबाई म्हणाल्या.

आशाबाई देवगाव रंगारीच्या. चाळीस एकराच्या घरातून आलेल्या, आणि ते एकर त्या रोज एकदा तरी बोलण्यात आणायच्या. मंजुळाबाईंचं आणि त्यांचं वीस वर्षं मिरच्यांच्या एकाच पाटीवर बसून पटत नव्हतं, आणि पाटी बदलायला दोघींपैकी कुणीही तयार नव्हतं.

राजनंदिनीनं सगळं नीट समजावून सांगितलं. प्रत्येकीला नंबराची बाटली मिळणार. दहा जणींच्या बाटलीत खरी गोळी, दहा जणींच्या बाटलीत तशीच दिसणारी नकली. कुणाची कुठली ते तिलाही माहीत नाही, फक्त तिचे मार्गदर्शक विश्वजीत सर यांच्या कपाटात बंद पाकिटात लिहिलेलं आहे. रोज एक गोळी, बारा आठवडे. दर शुक्रवारी ती येऊन उरलेल्या गोळ्या मोजणार. सुरुवातीला आणि शेवटी एक परीक्षा: खुर्चीत बसायचं, हात छातीशी धरायचे आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा उभं राहता येतं ते बघायचं. आपली गोळी दुसरीला द्यायची नाही. बायकांनी माना डोलावल्या आणि सह्या केल्या. कुणी कागद धरून बोलायला लागलं की मान डोलवायची असते, हे त्यांना बँकेच्या मेळाव्यांपासून माहीत होतं.

पहिल्या परीक्षेत मंजुळाबाई सतरा वेळा उठल्या, आशाबाई बारा वेळा. आशाबाई म्हणाल्या की खुर्ची हलत होती.

दहाव्या दिवशी वाद सुरू झाला.

"माझी खरीच हाये," आशाबाईंनी जाहीर केलं. "काल जिना चढले तं धाप लागली नाय. अन् गालाला बघा जरा, कशी टवटवी आलीया."

"ती उन्हाची हाय," मंजुळाबाई म्हणाल्या. "मला तं काय बी नाय. माझी खोटी असंल."

"असणारच. खरी काय कुणालाबी देत्यात व्हय?"

सत्यभामाबाई मिरचीच्या ढिगाआडून ऐकत होत्या. त्यांनी आजवर न पारखलेला कुठलाच लाल रंग खोलीच्या उंबऱ्यातून आत येऊ दिला नव्हता. आणि इथं वीस बाटल्या दहा दिवस खोलीत येत-जात होत्या, खऱ्या की खोट्या हे कुणालाच माहीत नाही, आणि त्या स्वतः रोज एक गिळत होत्या. हे त्यांना राजनंदिनीनं सांगितलं तेव्हा खटकलं नव्हतं. आता एकदम खटकलं.

"आण गं ती बाटली," त्या मंजुळाबाईंना म्हणाल्या. "अन् आशाबाई, तुमचीबी."

सुलेखानं ग्लास आणले. सुलेखा गटातली सगळ्यात लहान, अठ्ठावन्न वर्षांची, म्हणून ग्लास आणायचं काम तिचंच. बाईंनी एकेकीच्या त्या दिवसाच्या गोळीला सुई टोचली आणि पाण्यावर थेंब सोडला. आशाबाईंचा थेंब तेलाचा लाल डोळा होऊन वरच तरंगत राहिला. मंजुळाबाईंचा थेंबही आधी तसाच तरंगला. बायका वाकून बघत होत्या. मग त्या डोळ्यातून एक गुलाबी धागा सुटला, त्याच्यामागं दुसरा, आणि दोन्ही वळणं घेत तळाला जाऊन बसले.

"खोटं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "सरबतात घालत्यात त्यो रंग हाये. तेलात घोटलाय."

अर्ध्या तासात वीस ग्लास मांडून झाले. दहा खऱ्या, दहा खोट्या. विश्वजीत सरांच्या बंद पाकिटात जे होतं ते आता कांडपाच्या खोलीत सगळ्यांना तोंडपाठ होतं. आणि सत्यभामाबाईंच्या स्वतःच्या ग्लासात गुलाबी धागे उतरले होते. ते त्यांनी बराच वेळ, जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग त्यांनी निवाडा केला. गटात एक जुनी रीत होती. देठं खुडायचं काम हातांची आग करणारं, धने निवडायचं काम सावलीतलं. म्हणून ते कुणा एकीच्या माथी कधीच मारायचं नाही. आज जिनं मिरची घेतली तिनं उद्या धने घ्यायचे. प्रत्येकीची जोडीदारीण ठरलेली. तीस वर्षांत त्यावरून कधी भांडण झालं नव्हतं, इतर सगळ्यावरून झालं होतं.

"तसंच गोळीचं करायचं," बाई म्हणाल्या. "खरीवालीनं खोटीवालीबरोबर जोडी लावायची. आठवडाआड बाटली बदलायची. फक्त शुक्रवारी ज्याची त्याच्याकडं, पोरगी मोजायला येती म्हणून."

"पण तिनं सांगितलंय की बदलायची नाय," सुलेखा म्हणाली.

"तिला न्याव कळंना म्हणून सांगितलंय. लहान हाये. दहा बायकांनी रंगीत तेल प्यायचं अन् दहांनी औषध खायचं, ह्याला काय म्हणायचं?"

आशाबाईंनी आपली खरी बाटली मंजुळाबाईंना द्यायला तीन दिवस लावले, पण दिली.

सात आठवडे हे सुरळीत चाललं. शुक्रवारी राजनंदिनी यायची, गोळ्या मोजायची, एकही चुकलेली नाही हे बघून खूश व्हायची आणि म्हणायची, "अशा बायका मला कुठंच मिळाल्या नसत्या." ह्यावर वीस जणी एकदम देठं खुडायला लागायच्या.

मार्चअखेरीला एका दुपारी ती बाईंबरोबर जेवायला बसली होती. आनंदात होती. बोलता बोलता म्हणाली, "आजी, तुम्हाला माहितीये, ह्या सगळ्याची गंमत कशात आहे? त्या नकली गोळीत. खरी खाणाऱ्या बायका सुधारल्या, ह्याला काहीच अर्थ नाही. माणूस नुसत्या आशेनंही चार पावलं जास्त चालतो. खोटी खाणाऱ्यांपेक्षा त्या किती जास्त सुधारल्या, तेवढंच खरं. म्हणून खरी ती खरी आणि खोटी ती खोटी राहिली पाहिजे. नाहीतर बारा आठवडे आम्ही काय मोजलं, तर काहीच नाही."

"म्हंजी कुणी अदलाबदल केली तर?"

"तर सगळंच गेलं. अभ्यास गेला, प्रबंध गेला. मग मी बाबांच्या शेतात ऊस तोडायला मोकळी." ती हसली आणि तिनं ठेचा वाढून घेतला.

सत्यभामाबाईंना ठसका लागला. तो ठेच्याचा नव्हता. ठेच्यानं त्यांना आयुष्यात कधी ठसका लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रं बंद ठेवून बैठक भरली. बाटल्या ज्याच्या त्याच्याकडं गेल्या आणि अदलाबदल बंद झाली. पण सात आठवडे पोटात गेलेलं बाहेर काढता येणार नव्हतं. तेव्हा बाईंनी दुसरा उपाय काढला. खरी गोळी नावावर असलेल्यांनी शेवटच्या परीक्षेत जोर लावायचा, खोटीवाल्यांनी जरा आवरतं घ्यायचं. औषधानं केलंच असतं ते आपण थोडं हातभार लावून करायचं, एवढंच.

"म्हंजी म्या हिच्याम्होरं हरायचं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"हरायचं नाय. जरा सावकाश उठायचं."

"तेच की."

"पोरीसाठी, मंजुळा."

मंजुळाबाईंनी हातातली मिरची देठासकट मोडली. मग म्हणाल्या, "बरं. बारा करीन. पर तिनं सोळा करून दावावं."

पुढचे पंधरा दिवस खरीवाल्यांनी दुपारी सराव केला. कांडपाच्या खोलीत दहा बायका खुर्च्यांवरून उठबस करताहेत आणि दहा जणी शेजारी बसून त्यांना मोजताहेत, हे बघून मसाला न्यायला आलेली गिऱ्हाइकं दारातच थांबायची. आशाबाई सोळापर्यंत पोचल्या. त्या रात्रंदिवस गुडघ्यांना तिळाचं तेल चोळत होत्या आणि ते कुणाला सांगत नव्हत्या, पण वास सांगत होता.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात परीक्षा झाली. राजनंदिनीच्या हातात घड्याळ, भिंतीला टेकवलेली खुर्ची. आशाबाई सोळा वेळा उठल्या आणि मिरवत जाऊन बसल्या. दोघी-तिघी ठरल्याप्रमाणे झाल्या. मग मंजुळाबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी हात छातीशी घेतले. त्या खरोखरच सावकाश उठणार होत्या, हे सत्यभामाबाईंना त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पहिल्या चार वेळा त्या तशाच उठल्याही.

तेवढ्यात आशाबाई मायेनं म्हणाल्या, "दमानं घे गं मंजुळा. झालंय आता वय तुझं."

मंजुळाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. पुढचं कुणालाच नीट मोजता आलं नाही, फक्त राजनंदिनीला आलं. तेवीस. खुर्ची भिंतीवर आपटून पोपडे पडले होते.

मग काही आवरलं नाही. मंजुळाबाईंनंतर आलेल्या खोटीवाल्यांना आपली गोळी, आपलं गुपित, पोरगी, प्रबंध, कशाचीच आठवण राहिली नाही. सत्यभामाबाई स्वतः दहावर थांबायचं ठरवून बसल्या होत्या. समोर सुलेखा बसलेली होती, त्यांची जोडीदारीण, त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान, आणि ती डोळ्यांनी मोजत होती. बाई चौदा वेळा उठल्या.

आठ दिवसांनी राजनंदिनी पेढे घेऊन कांडपाच्या खोलीत आली. पाकीट उघडलं होतं. खरी आणि खोटी गोळी खाणाऱ्या बायकांत काहीच फरक निघाला नव्हता.

"मग पेढे कशाचे?" सुलेखानं भीत भीत विचारलं.

"फरक नाही हेही उत्तरच असतं. सर म्हणाले, असंच लिही आणि जूनमध्ये प्रबंध दे. ह्या गोळीचा काही उपयोग दिसला नाही, असं छापून येईल. माझ्या नावानं." तिनं प्रत्येकीच्या हातावर पेढा ठेवला. "तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून केलं, म्हणून झालं."

ती गेल्यावर आशाबाई म्हणाल्या, "चला, सुटलो. पोरगी पास, आपून पास. आता कुणी तोंड उघडायचं नाय."

"पर त्ये खोटंच छापून यील की," मंजुळाबाई म्हणाल्या. "गोळी निकामी हाय का कामाची, त्ये कुठं कळलंय कुणाला? आपूनच गोंधळ घातला."

"तेवीस वेळा कोण उठलं होतं?"

"तू डिवचलंस म्हनून."

सत्यभामाबाई हातावरचा पेढा बघत हिशेब मांडत होत्या. गप्प बसलं तर पोरीला जूनमध्ये डिग्री मिळत होती. सांगितलं तर चार वर्षं जाणार होती, आणि वर राहणारी ही हसरी पोरगी बापासमोर मान खाली घालून गंगापूरच्या जीपमध्ये बसणार होती. एवढं सरळ होतं. त्यांनी ठरवलं, गप्प बसायचं. पेढा खाल्ला. चांगला होता.

दुपारी गुलमंडीवरचा भिकन खानावळवाला आला. नव्या व्यापाऱ्याकडून तिखटाचं पोतं घेतलं होतं, त्यातलं चिमूटभर कागदात बांधून आणलं होतं. "रस्सा लई लाल येऊ लागलाय, बाई. गिऱ्हाइक खूश हाये. पर मला भ्या वाटतंय."

बाईंनी ग्लास भरला, तिखट सोडलं, हात मागं घेतला. धागे लगेच सुटले.

"खोटं," त्या म्हणाल्या.

भिकननं एक शब्दही विचारला नाही. कागद चुरगाळून खिशात घातला आणि म्हणाला, "मग जातंच परत. तुम्ही म्हणताय म्हणल्यावर झालं." आणि निघून गेला.

सत्यभामाबाई ग्लास हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. तीस वर्षं लोकांनी त्यांच्या एका शब्दावर पोती परत केली होती. आणि आपण एका पोरीच्या चार वर्षांच्या कामात सरबताचा रंग घोटून ठेवलाय, आणि ती ते स्वतःचं नाव घालून बाजारात नेणार आहे. भेसळ, दुसरा शब्दच नव्हता.

संध्याकाळी त्यांनी राजनंदिनीला खाली बोलावलं. ओट्यावर दोन ग्लास मांडलेले होते, सुई होती आणि दोन बाटल्यांतल्या उरलेल्या दोन गोळ्या.

"नंदे, बस. आधी बघून घे, ऐकून घे. मग काय बोलायचं ते बोल."

तिनं बघितलं. एक थेंब वर राहिला, दुसऱ्यातून गुलाबी धागा खाली गेला. ती इतकी हुशार होती की पुढचं तिला अर्ध्याच्या वर सांगावं लागलं नाही.

"कधी कळलं तुम्हाला?"

"दहाव्या दिवशी."

"आणि मग?"

"मग वाटून घेतल्या. आठवडाआड."

"किती आठवडे?"

"सात."

राजनंदिनीनं डोळे मिटले. "आणि ती उठबस?"

"तीबी ठरवली होती. तुझा प्रबंध वाचावा म्हणून. मंजुळानं ऐकलं असतं तर तुला लई भारी आकडे मिळाले असते."

"मिळाले असते तर मी मेलेच असते," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "आजी, तुमची स्वतःची गोळी कुठली होती?"

हा प्रश्न कुणी विचारणार नाही असं बाईंना वाटलं होतं.

"खोटी," त्या म्हणाल्या. "खरी असती तर ही वाटणी मला सुचली नसती."

राजनंदिनी उठून वर गेली. दोन दिवस ती जेवायला खाली आली नाही. बाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर ताट ठेवायच्या आणि थोड्या वेळानं रिकामं ताट तिथंच दिसायचं, त्यामुळे जगण्याची इच्छा शाबूत आहे एवढं कळत होतं.

तिसऱ्या दिवशी ती विश्वजीत सरांना घेऊन आली. सर म्हणजे पन्नाशीचे, टापटिपीचे, चपला काढून आल्यावर त्या जोडीनं लावून ठेवणारे गृहस्थ. नकली गोळी त्यांनी स्वतः बनवली होती आणि दिसायला ती हुबेहूब होती, ह्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी खिशातून दहा गोळ्या काढून मिसळून ठेवल्या. सत्यभामाबाईंनी सुई घेतली. पाच मिनिटांत पाच इकडं, पाच तिकडं. एकही चुकली नाही.

सरांनी चष्मा काढून पुसला. "मग मी ते पाकीट कपाटात कुलूप लावून कशाला ठेवलं होतं?"

"ते तुम्हालाच ठाऊक," बाई म्हणाल्या. "पण सरबताचा रंग तेलात घालू नये. घरातलं पोरगंबी ओळखील."

राजनंदिनीनं विद्यापीठाला अर्ज केला. त्यात तिनं सगळं लिहिलं, ग्लास, सुई, आठवडाआडची वाटणी, तेवीस उठबशा. सर म्हणाले, एवढं सविस्तर कशाला. ती म्हणाली, लिहायचंच. अर्ज तीन टेबलांवरून फिरला, आणि ज्या टेबलावर जायचा तिथं दारं लावून हसण्याचा आवाज यायचा म्हणतात. शेवटी कोरोनात गेलेलं वर्ष धरून तिला डिसेंबरपर्यंत मुदत मिळाली.

आता नवी नकली गोळी हवी होती, आणि ती पास करायचा अधिकार सरांनी नाइलाजानं सत्यभामाबाईंना दिला. पहिली आणली ती बाईंनी नुसती हातात घेऊन परत केली. दुसरीत सरांनी मिरचीचाच तेलात विरघळणारा रंग वापरला होता. बाईंनी ती नाकाशी नेली. "ही तर आमचीच. गोळीला फोडणीचा वास येतोय, सर." तिसरी आणि चौथीही नापास. पाचव्या वेळी बाईंनी गोळी टोचली, पाण्यावर सोडली, तेलात सोडली, पांढऱ्या कापडावर टिपली, वास घेतला, जिभेला लावली. अर्धा तास गेला. गटातल्या बायका हात थांबवून बघत होत्या.

"सांगता येत नाय," सत्यभामाबाई म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदाच त्या असं म्हणाल्या होत्या, आणि सर इतके खूश झाले की त्यांनी वाकून नमस्कार केला.

दुसरा अभ्यास गंगापूरकडच्या बायकांवर झाला. त्या बायका कडूबा पाटलांनी जमवल्या. लेकीचं काम म्हणून नव्हे, तर ती आता दर आठवड्याला घरी येईल म्हणून. औरंगपुऱ्याच्या मसालेवाल्यांना त्या गावांकडं फिरकायचीही बंदी होती. निकाल निघाला तो असा: थोडा फरक दिसतो, पण तो शेवाळाचा की योगायोगाचा, हे सांगायला आणखी मोठा अभ्यास लागेल. राजनंदिनीनं तेवढंच लिहिलं, एक अक्षर जास्त नाही.

तिला पुढच्या वर्षी डिग्री मिळाली. ती आता वाळूजच्या एका कंपनीत शेवाळाची मोठी टाकी सांभाळते, आणि रविवारी गंगापूरला जाते. कडूबा पाटील टाकी बघायला एकदा येऊन गेले. त्यांनी पाण्यात हात घातला म्हणून त्यांना पुन्हा आत सोडत नाहीत.

विश्वजीत सर विभागप्रमुख झाले. नव्या विद्यार्थ्यांना ते पहिल्या तासाला हीच गोष्ट सांगतात, फक्त नकली गोळी कुणी बनवली होती ते सांगत नाहीत. भिकननं ते पोतं खरंच परत केलं. दोन महिने त्याचा रस्सा फिका पडला, चार गिऱ्हाइकं तुटली, त्यातली तीन परत आली.

आशाबाई मुलाकडं देवगावला राहायला गेल्या. तिथं पाटीवर भांडायला कुणी नाही, म्हणून दर पंधरा दिवसांनी एसटीनं येतात आणि दिवसभर मंजुळाबाईंच्या शेजारी बसून जातात. मंजुळाबाई मागच्या थंडीत पडल्या, हात मोडला. प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर आल्या. गट आता सुलेखा चालवते. पुड्यांवर नवं नाव छापून आलं आहे, आणि ग्लास आणायला तिच्याहून लहान कुणी नसल्यामुळे अजून तीच आणते.

सत्यभामाबाईंना एकाहत्तर पूर्ण झाली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं व्हायचंय. कांडपाच्या खोलीत त्या फक्त सकाळी जातात. दुपारी घरी असतात, आणि वरच्या खोलीत नवीन भाडेकरू आला आहे. बँकेतला मुलगा आहे, बासरी वाजवतो. चांगली वाजवत नाही, पण बाईंनी त्याला अजून काही सांगितलेलं नाही.